उपाशी तळं

ओल्या तळहाताचा पाण्यावर पडलेला सपाट, टणक आवाज, आणि त्याच्या मागोमाग पाण्यातून उसळून क्षणात मिटून जाणारी चंदेरी थरथर. इसाकचाचांची आठवण येते ती अशी, आधी ध्वनी आणि मग प्रकाश. रोज सकाळी, ऊन अजून कोवळं असताना, ते तळ्याच्या उथळ कडेला गुडघाभर पाण्यात उतरत, लुंगीचा सोगा कमरेला खोवत आणि उजवा हात पसरून पाण्यावर एकच थाप मारत. दचकलेले बारीक मासे शेकड्यांनी वर उडत. ते किती दाट उडाले, किती लांबवर उडाले, एवढ्यावरून चाचा ओळखत की आज या तळ्यात खाणारे किती आहेत आणि खाल्ले जाणारे किती. मग त्यांच्या कपाळावरची आठी जराशी सैल पडे. ती पूर्ण सैल पडलेली मी कधीच पाहिली नाही.

साठच्या दशकातली अबुधाबी म्हणजे वाळूवर अवघडून बसलेली एक वस्ती होती. अमिरात हे नाव अजून जन्मायचं होतं. खजुरीच्या झावळ्यांच्या भिंती, एका किल्ल्याचे पांढरे बुरूज, किनाऱ्याला टेकलेल्या होड्या, जपून प्यायचं पाणी, आणि या साऱ्यावर तेलाच्या पहिल्या वैभवाची अधीर, उर्मट चाहूल. मी रत्नागिरीकडचा, एका व्यापाऱ्याच्या पेढीवर पत्रव्यवहार सांभाळायला आलेला कारकून. इंग्रजी शाळेत शिकलो होतो आणि पाच वर्षांत अरबीही बऱ्यापैकी बोलू लागलो होतो, म्हणून सगळे मला मुन्शी म्हणत. मालकाला आम्ही तिथल्या रीतीप्रमाणे अरबाब म्हणायचो. अरबीखेरीज दुसरी भाषा त्याला येत नव्हती आणि ती यावी असं त्याला कधी वाटलंही नव्हतं. त्याच्या आणि त्याच्या माणसांच्या मधे जे काही बोलणं व्हायचं ते माझ्या जिभेवरून जायचं. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात सगळ्यात मोठा वाटा या जिभेचा आहे, आणि मी हे शांत मनाने लिहीत नाही.

वस्तीपासून दूर, समुद्राचं पाणी जमिनीत शिरून जिथे एक अरुंद खाडी झाली होती, तिथे अरबाबाने नवं घर बांधलं आणि घरासमोर तळं खणवलं. तेलकंपनीतले साहेब शुक्रवारी त्याच्याकडे पाहुणे येत. त्यांना गळ टाकून बसायची हौस होती, आणि अरबाबाला त्या साहेबांची. खुर्चीत बसल्या बसल्या पाहुण्याच्या गळाला हामूर लागला पाहिजे, अशी त्याची इच्छा होती. हामूर म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा हेकरू, रुंद तोंडाचा, ठिपक्याठिपक्यांचा, खडकाच्या सावलीत दबा धरून बसणारा मोठा मासा. कुणीतरी अरबाबाला सांगितलं की मुंबईच्या खाली, खाडीकाठच्या गावांतून, तळ्यांत मासा वाढवणारे लोक असतात. तेव्हा ज्याला कुलाबा म्हणत त्या आजच्या रायगड जिल्ह्यातल्या एका गावातून अशा रीतीने इसाक मुकादम आले. पन्नाशीच्या पुढचे, अंगाने वाळलेल्या बांबूसारखे, हनुवटीवर मेंदी लावलेली विरळ दाढी. त्यांच्या गावात तळ्यातळ्यांतून जिताडा मासा वाढवत, आणि त्यांच्या वडिलांचा सारा जन्म त्या तळ्यांच्या बांधांवर गेला होता.

मासा वाढवणं म्हणजे मोठे मासे आणून पाण्यात सोडणं, असं मला वाटत होतं. चाचांनी पहिले तीन महिने एकही मोठा मासा आणू दिला नाही. त्यांनी आधी खाडीकडच्या बांधात दगडांच्या खाचा करून फळ्यांचं दार बसवलं. त्याला ते उघाडी म्हणत. उधाणाच्या भरतीला ते वरच्या फळ्या काढत आणि पाण्याबरोबर बोय माशाची नखाएवढी पिल्लं, कोळंबीची केसासारखी पोरं आणि तिथल्या खाऱ्या ओहळांतले अंगठ्याएवढे पट्टेरी मासे आत येत. तळ्याचा एक तृतीयांश भाग त्यांनी मुद्दाम उथळ ठेवला, तिथे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवराची रोपं लावली आणि मधे जाळं आडवं बांधलं. जाळ्याच्या अलीकडे बारीक मासा वाढायचा, पलीकडे, खोल पाण्यात, फुटक्या रांजणांच्या आणि प्रवाळाच्या दगडांच्या कपारींतून हामूर राहायचे. जाळ्याची भोकं अशी, की बारीक मासा थोडा थोडा पलीकडे निसटावा आणि हामूर मात्र अलीकडे येऊ नये.

"मुन्शी, तो उथळ भाग दिसतो ना, ती या तळ्याची चूल हाय," ते एकदा मला म्हणाले. "चूल ठेवायची नाय आणि घरात माणसं वाढवायची, असं चालत नाय."

त्या वर्षीचा हिवाळा मला अजून दिसतो. समुद्रावरून येणारा वारा कोरडा आणि स्वच्छ, आकाश इतकं उंच की त्याखाली माणसाला आपला आवाजही परका वाटावा, आणि तळ्याचं पाणी पिकत चाललेल्या लिंबाच्या रंगाचं. चाचा पंधरा दिवसांतून एकदा जाळीने एखादा हामूर वर घेत, ओल्या गोणपाटावर निजवत, त्याच्या डोक्यावरून शेपटीपर्यंत अंगठा फिरवत आणि लगेच पाण्यात सोडून देत. डोकं मोठं आणि पाठ सुरीसारखी, म्हणजे मासा उपाशी. मानेमागून पाठीला गोलाई, म्हणजे पोट भरलेलं. एवढीच त्यांची परीक्षा होती. गोलाई कमी वाटली की ते दोन-तीन हामूर सरळ बाहेर काढून स्वयंपाकघरात पाठवत आणि बारीक मासा पलीकडे जावा म्हणून मधलं जाळं दोन दिवस थोडं उचलून धरत. त्या बोटांमध्ये जी कोमलता उतरे ती त्यांच्या चेहऱ्यावर कुणी शोधली असती तर सापडली नसती. चेहरा सदैव रागावलेला. कुणी तळ्यात भात टाकला, कुणी कडेला साबण लावला, की ते ओरडत नसत. लुंगीची गाठ सोडून पुन्हा करकचून बांधत आणि त्या माणसाकडे पाठ करत. ती पाठ पाहून नोकरचाकर गुमान दूर होत.

गळ टाकायच्या पहिल्या शुक्रवारी पाहुण्यांना तीन हामूर मिळाले. साहेब खूश झाले, फोटो काढले गेले. अरबाबाच्या मनात मात्र तीन हा आकडा काट्यासारखा रुतून बसला. पाच पाहुणे आणि तीन मासे, म्हणजे दोन जण रिकाम्या हाताने गेले. पुढच्याच आठवड्यात त्याने मला आणि चाचांना तळ्यावर बोलावलं. एका साहेबाने ओहोटीच्या चिखलाचा वास येतो अशी कुरकुर केली होती, त्याचाही राग त्याच्या बोलण्यात होता. त्याचा हुकूम सरळ होता. कोळ्यांच्या पिंजऱ्यांत सापडलेले साठ हामूर जिवंत आणून तळ्यात सोडायचे. उथळ भाग बुजवून तिथे फरशी घालायची आणि खुर्च्या मांडायच्या. खाडीकडचं दार सिमेंटने बंद करायचं, म्हणजे वास येणार नाही आणि मासाही निसटणार नाही.

मी चाचांना सांगितलं. ते तळ्याकडे वळले. मग लुंगीची गाठ त्यांनी सोडली, बांधली आणि म्हणाले, "सांग त्याला. तळं म्हणजे पेटी नाय, माल भरला आणि झाकण लावलं. एका हामुराला वर्षाला किती मासा लागतो ते मी मोजलंय. याने चूल मोडली, दार बुजवलं, तर हे सगळे उन्हाळ्यात मरतील. उपाशी मरतील, नायतर गुदमरून मरतील, पण मरतील. हे जसंच्या तसं सांग."

अरबाबाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात पोवळ्याची तसबीह होती आणि तिचे मणी थांबले होते.

"काय म्हणतो?"

आणि मी म्हणालो, "म्हणतो की काम होईल, फक्त उन्हाळ्यात थोडी काळजी घ्यावी लागेल."

"इन्शाल्ला," अरबाब म्हणाला आणि निघून गेला.

चाचांना अरबी येत नव्हती, पण लांबी कळत होती. त्यांनी एवढं बोलल्यावर माझं एवढंसं वाक्य कसं झालं, हे त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "अरबीत थोडक्यात होतं, चाचा." किती सहज म्हणालो. त्या सहजतेची मला आजही चीड येते. मालकाच्या तोंडावर नको असलेलं वाक्य न नेणं, याला मी तेव्हा व्यवहार म्हणत होतो. माझ्यासारखे कितीतरी मुन्शी त्या किनाऱ्यावर होते, दोन माणसांच्या मधे उभे राहून खऱ्याचे कोपरे घासून गुळगुळीत करणारे, आणि त्यालाच हुशारी समजणारे. मी त्या सगळ्यांच्या वतीने बोलत नाही. मी माझं सांगतो आहे.

फरशी झाली. तिवराची रोपं उपटून वाळूवर फेकली गेली आणि एका दुपारी वाळून काळी पडली. उघाडीच्या फळ्यांवर सिमेंटचा थर चढला. हामूर आले, होड्यांतून, ओल्या पोत्यांखाली तोंडं वासलेले, आणि खोल पाण्यात एकेका कपारीसाठी एकमेकांवर तुटून पडू लागले. दोन आठवडे तळं पाहुण्यांना हवं तसं झालं. गळ टाकायचा अवकाश, मासा लागायचा. ते मासे भूक लागल्यामुळे गळाला लागत होते, हे चाचांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. अरबाब मला "शाबाश, हबीबी," म्हणाला. मलाच म्हणाला.

चैत्र-वैशाखाचे दिवस आपल्याकडे आंब्यांचे आणि फणसाच्या वासाचे. तिथे त्या दिवसांत प्रकाशालाच धार येते. हवेतली वाफ कपड्यांना चिकटते, वारा पडतो, आणि पाणी दिवसेंदिवस जड, निस्तेज होत जातं. चाचा रोज सकाळी पाण्यावर थाप मारायचे, फरशीच्या कडेला पालथं पडून, कारण उतरायला आता उथळ जागाच नव्हती. त्या थापेनंतर काहीच उसळत नसे. ते होडीवाल्यांकडे जात, त्यांच्या जाळ्यात उरलेल्या तारल्या मागून टोपलीभर आणत आणि चिरून तळ्यात टाकत. दूर चालत जाऊन, तळपत्या वाळूवरून, पन्नाशी उलटलेला तो माणूस मासळीची टोपली डोक्यावर घेऊन येताना मी पेढीच्या खिडकीतून पाहत असे. एकदा त्यांनी मला तळ्यावर बोलावलं. गोणपाटावर एक हामूर निजलेला होता. डोकं केवढंतरी आणि मागे चपटी, आटलेली पाठ, त्वचा सैल पडून सुरकुतलेली.

"हात लाव," ते म्हणाले.

मी हात लावला. कातड्याखाली हाड लागलं.

"आता तरी सांग त्याला. निम्मे बाहेर काढू दे, आणि दार फोडू दे. एवढंच सांग."

मी हो म्हणालो. त्या दिवशी अरबाबाकडे पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी त्याचं मन ठीक नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी सांगायचं विसरलो, असं मी स्वतःला सांगितलं.

मग ती सकाळ आली. श्रावण लागला असेल तिकडे गावाला. इथे तीन दिवस पान हललं नव्हतं आणि पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं तापलं होतं. आचाऱ्याने मला बोलवायला माणूस पाठवला. मी पोचलो तेव्हा तळ्याचा पृष्ठभाग तोंडांनी भरलेला होता. ज्या माशांनी आयुष्यभर कपार सोडायची नाही ते सगळे वर आले होते, जबडे उघडून हवा गिळत होते, आणि त्यांच्यामधून कितीतरी पांढरी पोटं उलटी होऊन तरंगत होती. हामूर मरताना आवाज करत नाही. त्या निःशब्दतेत एकच आवाज चालू होता, लोखंडाचा सिमेंटवर. इसाकचाचा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून पहारीने उघाडी फोडत होते. त्यांच्या खांद्यांवरून घाम आणि रक्त दोन्ही वाहत होतं, कारण सिमेंटच्या कपच्या उडून अंगाला लागत होत्या. बाहेर भरती चढत होती. त्यांनी मला पाहिलं, पण हाक मारली नाही. मी माझी पायताणं काढली नाहीत. काठावर उभा राहिलो.

शेवटी एक फळी तुटली आणि समुद्र आत आला. गार, हिरवं, जिवंत पाणी, फेसाळत. जे मासे उरले होते त्यांची तोंडं त्या प्रवाहाकडे वळली. काही त्यातूनच बाहेर खाडीत गेले, आणि चाचांनी त्यांना अडवलं नाही. ते तसेच पाण्यात बसले, गळ्यापर्यंत, डोळे मिटून. मोजायला गेलं तर पंधरा-वीस जिवंत राहिले असतील.

अरबाब दुपारी आला. त्याने तरंगणारे मासे पाहिले, फुटलेलं दार पाहिलं, आणि त्याला जे सोयीचं होतं ते त्याने क्षणात जोडून टाकलं. शुक्रवारी साहेब यायचे होते. त्यांना काहीतरी सांगावं लागणार होतं. पेढीवर येऊन तो माझ्यासमोर बसला. माणसाला परत पाठवायचं तर कारण देणारा इंग्रजी कागद लागे, आणि तो मीच लिहीत असे.

"लिही," तो म्हणाला. "त्याने दार फोडलं. मासे मेले. खलास."

मी लिहिलं. दोनच वाक्यं होती आणि सुटी सुटी पाहिली तर दोन्ही खरी होती. रखवालदाराने तळ्याचं दार पहारीने फोडलं. तळ्यातले मासे मेले. मी फक्त क्रम बदलला. जगातली सगळ्यात निर्लज्ज खोटी गोष्ट एकही खोटा शब्द न वापरता लिहिता येते, हे मला त्या दुपारी कळलं, आणि माझं अक्षर तेव्हा किती सुबक आलं होतं हेही मला आठवतं.

अंगठा घ्यायला चाचांना बोलावलं. दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. एक चिंधी त्यांनी अंगठ्यावरून बाजूला सारली. कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय लिहिलंस?"

"झालं ते लिहिलं, चाचा."

"मी आधी सांगितलं होतं, तेही लिहिलंस ना?"

मी मान हलवली. होकाराची. त्यांनी शाईवर अंगठा टेकवला आणि कागदावर दाबला, निर्धास्त, आपल्या मुलखाच्या माणसावर टाकावा तसा सगळा भार टाकून. दोन दिवसांनी मुंबईच्या बोटीने ते गेले. मी धक्क्यावर गेलो नाही. काम होतं, असं मी सांगितलं. काम नव्हतं.

तळं पुढच्या वर्षी बुजवलं. अरबाबाने तिथे कारंजं केलं. मासे मेले तेव्हा त्याला राग आला होता, दुःख झालं नव्हतं, आणि त्या रागाचं काम माझ्या कागदाने भागवलं. इसाकचाचांच्या रागाला मात्र कुणी जागाच दिली नाही. तो एकटाच असा राग होता ज्याच्या मागे कुणाची तरी काळजी होती.

दोन वर्षांनी रजेवर आलो तेव्हा घरी जायच्या आधी मी त्यांच्या गावाला गेलो. भातखाचरांच्या पलीकडे, खाडीच्या बांधावर, ते कुणाच्यातरी तळ्याची उघाडी दुरुस्त करत होते. चिखलाने माखलेले हात, मेंदी उडून पांढरी झालेली दाढी. मला पाहिल्यावर त्यांनी काम थांबवलं नाही. मी बोलायला सुरुवात केली. बरंच बोललो. माझी नोकरी, माझी आई, अरबाबाचा स्वभाव. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू येऊ लागला आणि मी थांबलो.

"कागदाची नक्कल माझ्याकडे दिलेली ना त्यांनी," ते म्हणाले. "गावातल्या मास्तरांनी वाचून दाखवली. दोनदा वाच म्हटलं मी. मला वाटलं, मास्तरला इंग्रजी येत नसेल."

त्यांनी फळी खाचेत बसवली, मुठीने ठोकली, पाण्यात हात धुतले.

"परमुलखातून आलायस. घरी चल, जेवल्याशिवाय जाऊ नको," ते म्हणाले. "पण मला चाचा म्हणू नको."

त्यांच्या घरी मी जेवलो. त्यांच्या पत्नीने जिताड्याचं कालवण वाढलं, आग्रह केला, आणखी भात घातला. ते समोर बसून जेवत होते आणि एकदाही माझ्याकडे पाहत नव्हते. निघताना मी काय म्हणून निरोप घ्यावा हे मला कळेना, कारण त्या माणसासाठी माझ्याकडे दुसरं संबोधनच नव्हतं. मी नुसता हात जोडून निघालो. त्यानंतर आमची भेट झाली नाही. काही वर्षांनी त्या गावचा एक जण तिकडे कामाला आला, त्याच्याकडून कळलं की ते वारले.

काळाने रागाची धार बोथट होते असं मी समजत होतो, आणि माझा स्वतःवरचा राग त्यालाच सोपवून मोकळं व्हायची वाट पाहत होतो. तसं झालं नाही. त्यांचा चेहरा पुसट झाला, स्वर पुसट झाला, त्या गावाकडे वळणारा रस्ताही आता मला धड सांगता येणार नाही. जे गेलं त्याच्या रिकाम्या जागी माझ्याच अक्षरातली दोन वाक्यं तेवढी शिल्लक आहेत, आणि डोळे अधू होत चाललेल्या या वयात ती मला वर्षागणिक अधिकच स्वच्छ वाचता येतात.